कंठग्रंथीचा कर्करोग आणि साध्यासाध्यविचार

रोग्यास हात लावण्यापूर्वीं वैद्यानें एक विचार अवश्य करावा, असें आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं सांगितलें आहे. तो म्हणजे साध्यासाध्यविचार. चरकाच्या सूत्रस्थानांत या दृष्टीनें रोगांचे चार वर्ग केलेले आढळतात : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. यांपैकीं 'याप्य' हा शब्द मला फार मार्मिक वाटतो. जो रोग समूळ जात नाहीं, परंतु पथ्य, औषध व देखरेख यांच्या बळावर ज्याला वर्षानुवर्षें आवरून धरतां येतें, तो याप्य. आजच्या आपल्या घरगुती बोलण्यांत मात्र रोगाचे दोनच वर्ग उरले आहेत : 'कांहीं विशेष नाहीं' आणि 'कॅन्सर'. दुसरा शब्द एकदां कानीं पडला कीं घरांतील वडील मंडळी पुढचें कांहींएक ऐकून घेण्याच्या मनःस्थितींत राहत नाहींत. शस्त्र किती चालवावें, कीं मुळींच चालवूं नये, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहींत.

कर्करोगाच्या ज्या प्रकारांत हा चतुर्विध विचार आजही तंतोतंत लागू पडतो, असा एक प्रकार गळ्यांतील अवटु ग्रंथीचा आहे. ही ग्रंथि, म्हणजे सर्वतोमुखीं झालेला शब्द वापरावयाचा तर 'थायरॉईड', घांटीच्या खालीं श्वासनलिकेला बिलगून फुलपांखरासारखी पसरलेली असते. अन्नांतील आयोडीन शोषून घेऊन ती जो रस रक्तांत सोडते, त्यावर शरीराची ऊब, नाडीची गति आणि मुलांची वाढ अवलंबून असते. मी वैद्य नव्हे. आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु गेल्या तीन वर्षांत या रोगानें आमच्या आप्तांच्या घरांत दोनदां प्रवेश केला, आणि त्या निमित्तानें जें वाचावें लागलें व डॉक्टरांकडून समजून घ्यावें लागलें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना उपयोगी पडेलसें वाटल्यावरून लिहीत आहें.

हें घर बीड जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं, माझ्या चुलत बंधूंचें. त्यांची धाकटी सून चौतीस वर्षांची असून शिक्षिका आहे. दुसऱ्याच कांहीं कारणानें तिच्या मानेची सोनोग्राफी झाली, तींत आठ मिलिमीटरांची एक गांठ दिसली. बारीक सुईनें पेशी काढून तपासल्या. 'पॅपिलरी कर्करोग' असें उत्तर आलें. घरांत चूल पेटेना. मुलगा सहा वर्षांचा. त्याचें कसें होणार, येथपर्यंत बोलणीं गेलीं. शहरांतील तज्ज्ञांकडे सुनेबरोबर माझ्या वहिनीही गेल्या होत्या. त्यांचें वय त्या वेळीं अडुसष्ट. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मुळासकट सगळें काढून टाका. घरांत साप ठेवून कुणी झोंपतें का?" डॉक्टरांनीं कागद बाजूला ठेवला आणि विचारलें, "आई, सुनबाईंचें आपण पाहूंच. पण तुमचा आवाज असा घोगरा कधींपासून झाला?"

वहिनींच्या गळ्याला तरुणपणापासून लहानसा गलगंड होता; त्याकडे पाहण्याची सवय घरांत कुणाला उरलीच नव्हती. गेल्या सहा-सात महिन्यांत तो वाढला होता आणि आवाज बसला होता. तो भजनाच्या मंडळांत गायल्यामुळें व वयोमानानें, असें सर्वांनीं धरलें होतें. तपासणीअंतीं ती चार सेंटिमीटरांची गांठ निघाली, आणि तिनें कंठाच्या मज्जातंतूला वेढलेलें होतें. रोगाचें नांव सुनेच्या रोगाचेंच : पॅपिलरी. नांव एक, परंतु दोघींच्या भवितव्यांत जमीनअस्मानाचें अंतर. आणि घराची सारी भीति मात्र ज्या माणसाकडे वळायची, त्याच्या नेमकी उलट दिशेला वळलेली होती.

सासूचा रोग सुनेला 'लागला' काय, असाही एक प्रश्न शेजारच्या मंडळींनीं कुजबुजत विचारला, म्हणून येथेंच सांगून टाकतों कीं हा रोग स्पर्शानें, ताटानें अगर एकत्र राहण्यानें लागत नाहीं. स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारें तिप्पट आढळतो. एका घरांत दोघींना होणें हा योगायोग.

या रोगाच्या मुख्य जाती चार. शेंकडा ऐंशीहून अधिक रोगी पॅपिलरीचे असतात. त्याच्या खालोखाल फॉलिक्युलर. या दोन्ही बहुधा संथ वाढतात आणि मूळ ग्रंथीप्रमाणेंच आयोडीन ओढून घेण्याचा गुण राखून असतात, ज्याचा उपयोग पुढें दिसेल. तिसरी मेड्युलरी, ती वेगळ्याच पेशींतून निघते. चौथी अ‍ॅनाप्लास्टिक, ती शेंकडा एकदोन जणांनाच, बहुधा उतारवयांत होते, परंतु आठवड्यांच्या हिशोबानें वाढते आणि रोगी बहुतेक वेळां कांहीं महिन्यांचाच सोबती असतो. या चौथ्या जातीच्या कांहीं रोग्यांत एक विशिष्ट जनुकदोष सांपडतो व त्यावर नेमकीं औषधें २०१८ पासून उपलब्ध झालीं आहेत. तरी प्राचीनांचा 'असाध्य' हा शब्द येथें अद्याप पुरता पुसला गेलेला नाहीं.

आतां एकाच जातीच्या दोन रोग्यांत भेद कसा करावा? याविषयीं मला जें सर्वांत आवडलें तें एक गणित. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं आपल्या पॅपिलरीच्या रोग्यांची दशकानुदशकें नोंद ठेवून १९९३ सालीं एक साधा हिशोब प्रसिद्ध केला. त्याला 'मॅसिस' म्हणतात. तो मराठी पांचवीच्या मुलालाही करतां येईल. रोग्याचें वय एकोणचाळीस अगर कमी असेल तर ३.१ अंक मांडावे; चाळीस किंवा अधिक असेल तर वयाला ०.०८ नें गुणावें. गांठ जितके सेंटिमीटर, त्याला ०.३ नें गुणून तें मिळवावें. शस्त्रक्रियेंत रोग पूर्ण निघाला नसेल तर १ मिळवावा. गांठ ग्रंथीबाहेरच्या भागांत घुसली असेल तर आणखी १. आणि फुप्फुस, हाडें अशा दूरच्या ठिकाणीं रोग पोंचला असेल तर ३. बेरीज सहाच्या आंत आली तर वीस वर्षांनंतर या रोगाच्या तडाख्यांतून वांचलेले रोगी शेंकडा ९९. सहा ते सात यांच्या दरम्यान ८९. सात ते आठ यांच्या दरम्यान ५६. आठ आणि पुढें अवघे २४.

सुनेची बेरीज करून पाहूं : ३.१ आणि ०.२४, म्हणजे ३.३४. वहिनींची : अडुसष्ट गुणिले ०.०८ म्हणजे ५.४४, गांठीचे १.२, बाहेर घुसल्याचा १, एकूण ७.६४. वहिनींच्या बेरजेंत सर्वांत मोठा आंकडा कोणता, हें वाचकांनीं पाहावें. तो गांठीचा नव्हे, वयाचा आहे. दुसऱ्या कुठल्याही कर्करोगांत वयाला इतकें महत्त्व दिलेलें माझ्या वाचनांत आलें नाहीं. जगभर वापरल्या जाणाऱ्या अवस्थांच्या कोष्टकांतही हाच न्याय आहे. पूर्वीं पंचेचाळीसावें वर्ष ही मर्यादा मानीत. २०१८ पासून ती पंचावन्नावर नेली आहे. पॅपिलरी अगर फॉलिक्युलर रोग असलेला पंचावन्नाच्या आंतील माणूस, रोग फुप्फुसांत पोंचला तरी, दुसऱ्या अवस्थेच्या पुढें मोजला जात नाहीं. त्याला तिसरी-चौथी अवस्थाच नाहीं. दुसरी ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं मेयोच्या या हिशोबांत गळ्यांतील लिंफच्या गांठींना एकही अंक नाहीं. तरुण माणसाच्या मानेंत रोग त्या गांठींत उतरला तर तो पुन्हां उद्भवण्याचा संभव वाढतो, परंतु प्राणावर बेतण्याचा संभव फारसा वाढत नाहीं. अर्थात् हा हिशोब समूहाचा आहे, एका माणसाच्या कपाळावरचा लेख नव्हे. आणि पेशींची उपजात, रक्तवाहिन्यांत झालेला शिरकाव, जनुकांतील दोष हींही डॉक्टर पाहतात.

सुश्रुतानें निदानस्थानांत गलगंडाच्या रोग्यास वैद्यानें केव्हां सोडून द्यावें याचीं लक्षणें दिलीं आहेत. श्वासास कष्ट, क्षीणता, अरुचि यांच्याबरोबर आवाज फुटणें हें त्यांत स्पष्ट आहे. आज अशा रोग्यास सोडून देत नाहींत, उलट तातडीनें बोलावतात; परंतु लक्षण तेंच आहे. घरांतील वडीलधाऱ्या माणसाचा जुना गलगंड एकाएकीं वाढूं लागला, आवाज तीन आठवडे बसून राहिला, घांस गिळतांना अडूं लागला, तर 'वयोमान' हा शब्द उच्चारूं नये.

याच्या उलट लहान गांठींची कथा. फिनलंडमध्यें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत, इतर कारणांनीं मरण पावलेल्या १०१ माणसांच्या अवटु ग्रंथि बारीक काप करून पाहिल्या, तेव्हां एक तृतीयांशाहून अधिक जणांत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म कण सांपडले. त्या माणसांना जन्मभर त्याची वार्ताही नव्हती. मग सोनोग्राफीचें यंत्र गल्लोगल्लीं आल्यावर काय होणार, तें दक्षिण कोरियानें दाखविलें. तेथें १९९९ नंतर इतर कर्करोगांच्या सरकारी तपासणीबरोबर गळ्याचीही सोनोग्राफी करून घेण्याची चाल पडली. २०११ सालीं या रोगाचें निदान १९९३ च्या पंधरा पटींवर गेलें. मृत्यूंचा आंकडा मात्र होता तेथेंच राहिला. जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाल्या; त्यांतील शेंकडा सुमारें अकरा जणांना कॅल्शियमच्या उणीवेचा विकार जडला, दोघांच्या स्वरतंतूला इजा झाली. २०१४ सालीं तेथल्याच डॉक्टरांनीं या प्रकाराविरुद्ध आवाज उठविला, तेव्हां वर्षभरांत शस्त्रक्रिया एक तृतीयांशानें घटल्या.

आपल्या जिल्ह्याची स्थिति दुसऱ्या टोंकाची आहे. बार्शी येथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पुढें बीड व आतांचें धाराशिव हे जिल्हेही नोंदणीखालीं आले. २०१२ ते २०१६ या काळाचा राष्ट्रीय अहवाल २०२० सालीं निघाला. त्यांत सर्व प्रकारचे कर्करोग मिळून देशांतील सर्वांत कमी प्रमाण याच दोन जिल्ह्यांच्या नोंदणीचें होतें : वयाचा मेळ घालून दर लाखामागें पुरुषांत ३९.५ व स्त्रियांत ४९.४. याचा आनंद मानावा कीं नाहीं, हा प्रश्न आहे. कष्टाचें जीवन व साधा आहार यांचा त्यांत वांटा असेल; पण जेथें निदानाचें साधन दूर, तेथें नोंदही विरळच होणार.

आणि तरीही नको तेथें शस्त्र चालण्याचा अनुभव याच जिल्ह्यानें घेतला आहे. ऊंसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांची २०१९ सालीं शासनातर्फें पाहणी झाली, तेव्हां ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिकांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' ही भीति आपल्याला घालण्यांत आली, असें त्यांतल्या अनेकींनीं सांगितलें. अवयव निराळा, परंतु युक्तिवाद वहिनींच्या सापाचाच. शिकलेल्या घरांनीं स्वतःला या भीतीपासून मुक्त समजूं नये.

जपानांतील कोबे शहरच्या कुमा रुग्णालयांत डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून, एक सेंटिमीटरपर्यंतच्या निर्धोक जागीं असलेल्या पॅपिलरी गांठी न कापतां नुसत्या पाळतीवर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला : पहिल्यानें सहा महिन्यांनीं, पुढें वर्षाला एकदां सोनोग्राफी. बाराशेंहून अधिक रोग्यांच्या नोंदींत दहा वर्षांत गांठ तीन मिलिमीटरांनीं वाढली अशीं माणसें शेंकडा ८, आणि मानेच्या लिंफच्या गांठींत रोग उतरला अशीं ३.८. वाढ दिसल्यावर शस्त्रक्रिया केली, तरी उशीर झाला असें ठरलें नाहीं. या रोगानें त्यांतलें कुणीही मेलें नाहीं. मौज अशी कीं वाढ होण्याचें प्रमाण तरुणांत अधिक व म्हाताऱ्यांत कमी निघालें, म्हणजे मेयोच्या गणिताच्या अगदीं उलट. चार सेंटिमीटरांची पसरलेली गांठ म्हातारपणीं घातक, पण पांच मिलिमीटरांची निवांत गांठ म्हातारपणीं बहुधा झोंपूनच राहते.

सुनेपुढें तीन मार्ग ठेवण्यांत आले : पाळत, अर्धी ग्रंथि काढणें, अगर संपूर्ण काढणें. सासूबाईंचा आग्रह तिसऱ्याचा. परंतु संपूर्ण काढली तर जन्मभर गोळी आली; शिवाय ग्रंथीच्या पाठीशीं चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथि कॅल्शियम सांभाळतात, त्यांना धक्का लागण्याचा धोका दोन्ही बाजूंस येतो, आणि आवाजाचे मज्जातंतूही दोन्हीकडचे उघडे पडतात. अर्ध्या शस्त्रक्रियेंत हा धोका एकाच बाजूचा, आणि पुष्कळांना गोळीही लागत नाहीं. चार सेंटिमीटरांपर्यंतच्या, ग्रंथींतच राहिलेल्या गांठींना अर्धी काढणें पुरतें, असें अमेरिकेच्या थायरॉईड संघाच्या २०१५ च्या मार्गदर्शनांत आहे. पाळतीचा मार्ग माझ्या मनाला फार पटला होता. सून म्हणाली, "काका, दर खेपेला रजा काढून शहरांत जायचें आणि आधीं आठ दिवस झोंप उडायची, हें माझ्यानें नाहीं व्हायचें." तिचें म्हणणें खरें होतें. पाळत हा उपाय गांठीप्रमाणेंच माणसाच्या स्वभावाला आणि त्याच्या गांवापासूनच्या अंतरालाही पाहून ठरवावा लागतो. तिनें अर्धी ग्रंथि काढवून घेतली. शिकविण्याचा आवाज शाबूत आहे आणि गोळी लागलेली नाहीं.

शस्त्रवैद्य निवडतांना त्याच्या पदव्यांच्या आधीं, तो वर्षांत अशा किती शस्त्रक्रिया करतो हें विचारावें. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत वर्षाला पंचवीसहून अधिक संपूर्ण ग्रंथि काढणाऱ्यांच्या हातून उपद्रव कमी झाले, असें २०१७ सालीं दाखविण्यांत आलें. हा प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. चांगला शस्त्रवैद्य आंकडा लगेच सांगतो.

वहिनींना मात्र संपूर्ण शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नव्हतें. रोगानें वेढलेला एका बाजूचा तंतु वांचवितां आला नाहीं. त्यांचा आवाज तसाच राहिला आहे. भजनाला त्या जातात, पण टाळ धरतात. त्यानंतर त्यांना किरणोत्सर्गी आयोडीन देण्याचें ठरलें. या उपचाराचें तत्त्व अवटु पेशींच्या आयोडीनच्या ओढीवर उभें आहे. आयोडीन १३१ हें १९३८ सालीं सांपडलें, आणि या कर्करोगावर तें १९४३ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. सॅम्युएल सायडलिन यांनीं प्रथम दिलें. तें पोटांत घेतलें कीं मागें राहिलेल्या अवटु पेशी, त्या मानेंत असोत कीं फुप्फुसांत, तें ओढून घेतात आणि त्याच्या किरणांनीं जळतात. आठ दिवसांनीं त्याचें तेज निम्म्यावर येतें. मुंबईस परळ येथें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि त्याच परिसरांत अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या उपचाराचें मोठें ठिकाण आहे. तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांतून निघणाऱ्या द्रव्यांचा असा शांत उपयोग होतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

पण हें औषध सर्वांना द्यावयाचें नसतें. फ्रान्समध्यें ७७६ सौम्य रोग्यांवर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, संपूर्ण ग्रंथि काढल्यावर आयोडीन दिलेले व न दिलेले यांच्यांत तीन वर्षांनीं फरक दिसला नाहीं. तेव्हां 'मुंबईस सगळ्यांना देतात, आम्हांलाच कां नाहीं?' असा हट्ट नातेवाइकांनीं धरूं नये. गर्भवतीला तें कदापि देत नाहींत. अंगावर पाजणाऱ्या मातेला कांहीं आठवडे आधीं पाजणें बंद करावें लागतें, आणि घेतल्यावर निदान सहा महिने गर्भ राहूं देत नाहींत.

एकत्र कुटुंबांत या उपचाराची तयारी स्वयंपाकघरापासून होते. पेशी आयोडीनला भुकेल्या राहाव्यात म्हणून दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य. म्हणजे त्या मिठाचीं घरचीं लोणचीं-पापडही वर्ज्य, आणि दुधावरही बंधन. वहिनींना बिनदुधाच्या चहाचें दुःख शस्त्रक्रियेहून मोठें झालें. औषध घेतल्यावर दोनतीन दिवस रुग्णालयांतील वेगळ्या खोलींत, आणि घरीं आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळी खोली, वेगळें अंथरूण, नातवंडांना व पोटुशा बायकांना जवळ येण्याची बंदी. जुन्या घरांत असें वेगळें बसणें ज्या कारणानें होई, त्याची आठवण होऊन वहिनी प्रथम दुखावल्या. हें विटाळाचें नसून किरणांचें आहे, मुलांच्या कोंवळ्या ग्रंथीला त्यांची बाधा अधिक होते, हें नातवानेंच त्यांना दाराबाहेर उभें राहून समजावून सांगितलें.

मेड्युलरी जातीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. तिच्या रोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांत ती वंशपरंपरेनें येते. 'रेट' नांवाच्या जनुकांतला हा दोष १९९३ सालीं कळला. आईबापांपैकीं एकाला तो असेल तर प्रत्येक मुलांत उतरण्याचा संभव निम्मा. रक्ताच्या एका तपासणींत तें कळतें, आणि ज्यांना आहे त्या मुलांची ग्रंथि रोग होण्यापूर्वींच काढून त्यांना वांचवितां येतें. किरणोत्सर्गी आयोडीन येथें उपयोगी नाहीं. सोयरीक मोडेल या भयानें अशा घरांत रोगाचें नेमकें नांव लपविलें जातें, आणि चुलत-मावस भावंडें अंधारांत राहतात. पॅथॉलॉजीच्या कागदावरची जात कोणती, हें म्हणूनच घरांतल्या एका तरी माणसानें वाचून ठेवावें.

वहिनींची थायरोग्लोब्युलिनची तपासणी आतां दर सहा महिन्यांनीं होते. ग्रंथि गेल्यावर हें द्रव्य रक्तांत जवळजवळ नसावें. चढूं लागलें तर रोग कोठें तरी जागा झाला असें समजतात. त्यांचें अद्याप चढलेलें नाहीं. रोगाला चेतना मिळूं नये म्हणून त्यांना गोळी गरजेहून थोडी चढी दिली आहे, आणि त्यामुळें हृदयाची धडधड व हाडांचा ठिसूळपणा यांवरही लक्ष ठेवावें लागतें. गोळी रोज उपाशीपोटीं घ्यावयाची. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाहीं. पहांटे उठून ती घेण्याची आठवण सून करते, आणि त्या घरांत पहिला चहा आतां सर्वांनाच अर्धा तास उशिरां मिळतो.